डाव्या बाहीची दुमड

मॅडम,

तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि मला इंग्रजी अजून धड येत नाही, तेव्हा हे पत्र तुम्ही वाचणार कसं, हा प्रश्न तुम्ही जिवंत असतात तरी होताच. आता तर तुम्हाला जाऊन तीसच्या वर वर्षं झाली. म्हणून म्हटलं, लिहून टाकू. माझं शिक्षण तिसरी. अक्षर तुम्ही बघितलेलं आहे. कापडाच्या गठ्ठ्यांवर मी खडूने लिहायचे तेव्हा तुम्ही विचारायचात, हे चित्र कसलं काढलंस. नातीच्या शाळेच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, ती फाडून घेतली आहेत. ती म्हणाली, "आज्जी, यू कॅन टाइप ऑन द फोन." म्हटलं, बाई गं, फोनवर मी बोलते तेवढं पुरे आहे. बघा, सुरुवातीलाच भरकटले. तुम्ही असतात तर टेबलावर फूटपट्टी आपटून म्हणाला असतात, "यल्ला, यल्ला," चल, आटप लवकर.

आधी आनंदाची गोष्ट सांगते, मग बाकीचं. माझी नात नाचते. तुमचा तो बॅले. बारा वर्षांची आहे, माझ्याएवढी उंच झाली आहे, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला एका हाताने धरून चवड्यांवर उभी राहते तेव्हा मी हातातलं काम सोडून बघतच बसते. फोडणी जळते, सून ओरडते, मी बघतेच. अगदी तुमच्याकडे नाचणाऱ्या मुलींसारखी मान धरते हो. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मागच्या गुरुवारी क्लासमधून आली आणि दारातच म्हणाली, "आज्जी, आय गॉट द चायनीज डान्स!" त्यांच्या बाईंनी देशोदेशीचे नाच बसवले आहेत, आणि हिच्या वाट्याला चीन आला. मग म्हणाली, लांब बाह्या हव्यात, पांढऱ्या, "लाइक, सुपर लॉन्ग." सून म्हणाली, ऑनलाइन मागवू. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाला मागवायच्या? माझ्याकडे आहेत." बोलले आणि खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्या बाह्यांचा उच्चार मी या घरात केला नव्हता. त्या एका रात्रीनंतर नवऱ्यापुढेही नाही, आणि तो तर जाऊनही आता सहा वर्षं झाली.

आम्ही आता राहतो तो फ्लॅट माहूजमध्येच आहे, तुमच्या बंगल्यापासून चालत दहा मिनिटांवर. बंगला नाही आता. तिथे सात मजल्यांची इमारत झाली आहे आणि खाली लाँड्री. पण मागच्या गल्लीतली कण्हेर कुणी तोडलेली नाही, म्हणून जागा ओळखू येते. मी बहरीनला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नवरा तुमच्या साहेबांचा ड्रायव्हर, आम्हाला बंगल्यामागची खोली. पहिल्या दिवशी तुम्ही मला बघायला आलात, आणि मी घाबरून पदर डोक्यावर घेतला, कारण मला वाटलं होतं साहेबाची मॅडम म्हणजे गोरी, उंच, सोनेरी केसांची असणार. तुम्ही निघालात माझ्या खांद्याला लागणाऱ्या, काळ्याभोर केसांच्या, हाँगकाँगच्या. साहेब तेवढे इंग्रज. माझ्या हातात सुई होती, नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होते. तुम्ही शर्ट उचललात, टाका बघितलात, आणि बोटाने खूण केलीत, चल. झालं. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी तुमच्या स्वयंपाकघरात शिवत बसले.

बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला लावून तुम्ही तिथे नाच बसवायचात, म्हणून शिवणाचं मशीन स्वयंपाकघरात. एका बाजूला भात शिजतो आहे, दुसऱ्या बाजूला रेशीम. तुमचा भात चिकट, माझा मोकळा, आणि दोघींना एकमेकींच्या भाताची कीव यायची. आपण बोलायचो ते कुणी ऐकलं असतं तर हसून पडलं असतं. तुमची थोडी इंग्रजी, माझी बंबईवाली हिंदी, दोघींना येणारे चार अरबी शब्द, बाकी हातवारे. पण भांडणसुद्धा व्यवस्थित व्हायचं. मला सगळ्यात पहिला ओरडा बसला तो गाठीवरून. दोऱ्याला शेवटी गाठ मारायची, हे मला आईने शिकवलेलं. तुम्ही ती गाठ माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासलीत, एकदा, दोनदा, दहादा, लाल होईपर्यंत. म्हणालात, "यू वन टाइम. गर्ल, हंड्रेड टाइम." आणि मग गाठ न मारता एकाच जागी तीन बारीक टाके घेऊन दोरा कसा अडकवायचा ते दाखवलंत. राग आला होता मला. खोलीत जाऊन रडलेही. पण त्यानंतर तुमच्या मुलींच्या कपड्यांत कधी गाठ मारली नाही. एकदा सोडून. तेच सांगायचं आहे.

दर थंडीत तुमच्याकडे नाचणाऱ्या या मुली हाँगकाँगहून यायच्या, सात जणी. दोन महिने बंगल्यात गलका. लहानपणी तुम्ही तुमच्याकडच्या जुन्या नाटकमंडळीत शिकलात, पुढे लंडनला बॅले शिकलात, आणि आता दोन्ही एकत्र करून गोऱ्या लोकांना दाखवायचं हे तुमच्या डोक्यानं घेतलं होतं. तेव्हा बहरीनमध्ये इंग्रज पुष्कळ, तेलातले, विमानातले, बँकेतले. त्यांच्या क्लबात मोठा हॉल होता. तिथले लोक बॅले बघून मुरलेले. तुम्ही मला एकदा समजावलं होतंत, लाटणं हातात घेऊन. लाटण्याचं खालचं टोक टेबलावर टेकवून म्हणालात, हे लोक इथे बघतात, पायाकडे. मग वरचं टोक हलवून म्हणालात, मी त्यांना इथे बघायला शिकवणार. "फूट देअर्स. हॅन्ड माइन." आणि क्लबाच्या कमिटीतली ती जाडी बाई दर वर्षी न चुकता विचारायची, या खेपेला ड्रॅगन आहे ना? तुम्ही हसून म्हणायचात, "नो ड्रॅगन." ती गेली की हसू पुसून मला म्हणायचात, "एव्हरी इयर!" मी त्या बाईची चाल करून दाखवायचे, आणि तुम्ही तोंडावर हात दाबून हसायचात.

सातांतली जी सगळ्यात पुढे नाचायची तिला मी थोरली म्हणायचे. ती मला ताई म्हणायची, मीच शिकवलं होतं. एकोणीस-वीसची असेल. माझ्या खोलीत येऊन जमिनीवर मांडी घालून बसायची आणि बांगड्याचं तिखलं वाटीने प्यायची. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि पुन्हा वाटी पुढे. नवरा म्हणायचा, "ह्या चेडू मालवणचा असा, चुकान तिकडे जन्मला." तिच्यासाठी तुम्ही तो होडीचा नाच बसवलात. मुलगी किनाऱ्यावर उभी आहे, बापाची होडी परत यायची आहे. होडी बुडाली आहे हे बघणाऱ्यांना ठाऊक, तिला नाही. ती बाह्यांनी हाका मारते. बाकीच्यांच्या बाह्या हातभर, थोरलीच्या पाच पाच हात, पांढऱ्या रेशमाच्या, तुमच्या गुरूबाईंनी तुम्हाला दिलेल्या. ती मनगटाला एक झटका द्यायची आणि बाही लाटेसारखी लांब जाऊन, पाण्यावर पडल्यासारखी पडायची. दुसरा झटका, की सगळी परत मुठीत. आपल्या फाटकावर बसायचा तो हिद्द गावचा म्हातारा आठवतो? त्याचा बाप मोती काढायला समुद्रात जायचा. एक दिवस तालीम चालली असताना तो खिडकीबाहेर उभा राहिला आणि मला म्हणाला, "मेरा माँ ऐसा करता था. बहर को बोलता था, खलास, अब मेरा आदमी वापस दो." बहर म्हणजे त्यांचा समुद्र. क्लबातल्या लोकांसारखी त्याला कागद छापून गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. मलाही नाही. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी कुणी समुद्रात जात नाही, पण गेलेल्याची वाट कशी बघतात ते मी बघितलेलं आहे.

सौदीच्या पुलाचं काम चालू होतं, त्या काळातली ही गोष्ट. लंडनचा एक साहेब सिंगापूरला जाता जाता बहरीनला उतरणार होता. मोठमोठ्या थिएटरांत कुणाचे खेळ लावायचे हे तो ठरवायचा, असं तुम्ही सांगितलंत. त्याला आवडलं तर पुढच्या वर्षी इंग्लंडच्या सहा गावांत तुमच्या मुली नाचणार. महिनाभर तुम्ही जेवायचं विसरलात. मी बशी पुढे ठेवायचे, तुम्ही दोन घास घेऊन उठायचात. तो आला, सकाळी तालीम बघितली, तुमच्या हाताचा चहा प्यायला, छान छान म्हणाला. मग म्हणाला, बॅलेला येणाऱ्या लोकांना मुलीचे हात दिसायला हवेत, बाह्या अर्ध्या करा. त्याच्याबरोबर आलेली जाडी बाई लगेच म्हणाली, तेच तर मी दर वर्षी सांगते. तुम्ही हो म्हणालात. मी दारात ट्रे घेऊन उभी होते, मला वाटलं माझ्या ऐकण्यातच चूक झाली. ज्या बाईने ड्रॅगनला कधी हो म्हटलं नाही ती याला हो म्हणाली.

ते गेले आणि स्वयंपाकघरात जे झालं ते तुम्हाला आठवत असेलच. थोरलीने बाह्या छातीशी धरल्या होत्या. तुम्ही दोघी तुमच्या भाषेत बोलत होता, आधी हळू, मग जोरात. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. शेवटी तुम्ही तिच्या हातातून बाह्या ओढून घेतल्यात, माझ्यापुढे टाकल्यात, वर कात्री ठेवलीत.

"कट. हाफ."

"मॅडम, कट नको. बाद में फिर चाहिए होगा."

"बाद मफी," तुम्ही म्हणालात, म्हणजे नंतर वगैरे काही नाही. "टुडे. यल्ला, कट." आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेलात.

मी कात्री उचलली आणि ठेवली. पुन्हा उचलली. मॅडम, आमच्याकडे चांगलं कापड असं कापत नाहीत. पोरीला परकर शिवायचा तर दोन वर्षं पुढचा शिवायचा आणि जास्तीचं कापड आत दुमडून धावदोरा घालायचा. पोर वाढली की दोरा ओढला, दुमड सुटली, परकर लांब झाला. माझ्या आईने एका परकरात आम्हा तीन बहिणींना वाढवलं. मला वाटलं, लंडनचा साहेब आज आहे, उद्या विमानात बसेल. परवा तुम्हाला पस्तावा होईल तेव्हा मी दोरा ओढून दाखवीन आणि तुम्ही खूश व्हाल. हा माझा शहाणपणा. उजवी बाही आत दुमडून बारीक टाक्यांनी नीट धावदोरा घातला. शेवटी गाठ मारली, आईची गाठ, कारण नंतर दोरा ओढायला तीच धरायची असते. डावी घेतली तेवढ्यात भात उतू गेला. चुलीकडे धावले, परत आले, उरलेले टाके लांब लांब घेतले. मान वर केली तर दारात थोरली. तिने दुमडीवरून बोट फिरवलं, गाठ चाचपली, आणि ओठांवर बोट ठेवून हसली. मीही हसले. वाटलं, आपण दोघींनी मिळून मॅडमचं काहीतरी वाचवलं.

संध्याकाळी क्लबात मी पडद्याआड उभी आहे. ब्लाउजला चार सुया, मंगळसूत्राला सेफ्टी पिना. हॉल भरलेला, अत्तराचा वास, कुणीतरी खोकतं आहे. लंडनचा साहेब दुसऱ्या रांगेत. थोरली किनाऱ्यावर येते. आखूड बाह्यांनी ती हाका मारते आणि मला बघवत नाही, कारण झटका तोच आहे आणि बाही जातच नाही, चिमणीच्या पंखासारखी नुसती फडफडते. दुमडीच्या वजनाने टोक खाली ओढतं आहे, हे मला तिथे उभं राहून दिसतं. मग तिला होडी दिसल्याचा भास होतो ती जागा येते. ती सगळा जीव लावून डावा हात फेकते, आणि माझे लांब टाके सुटतात. पाच हात बाही हॉलभर जाते. मॅडम, त्या क्षणी खोकणारा माणूससुद्धा थांबला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ तिथल्या एकाचंही लक्ष तिच्या पायांकडे नव्हतं. तुम्ही सगळं आयुष्य ज्याच्यासाठी घालवलंत ते तुम्हाला तेवढं मिळालं. तुम्ही ते बघितलंत की नाही, मला माहीत नाही. कारण पुढच्याच क्षणी तिचा पाय त्या बाहीवर पडला आणि ती गुडघ्यावर आपटली. तो आवाज मी अजून ऐकते, भांडं पडलं तरी.

उठली ती. एक बाही आखूड, एक लांब, तशीच शेवटपर्यंत नाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दया आल्यावर वाजवतात तशा. आत आली तेव्हा गुडघा टमाटरासारखा सुजला होता. तुम्ही तिची डावी बाही हातात घेतलीत. कापलेली नाही, सुटलेला दोरा लोंबतो आहे. आधी तुमच्या भाषेत विचारलंत. मग सगळ्यांकडे बघून इंग्रजीत, "हू डिड धिस?"

मी तिथेच होते. तुमच्यापासून तीन पावलांवर. हातात सुई.

थोरली म्हणाली, "मी. आय डू." आणि मग तुमच्या भाषेत बरंच काही, तोऱ्यात, सकाळचं भांडण पुढे चालू ठेवल्यासारखं. तुम्हाला ते पटलं. का पटणार नाही? सकाळी तिनेच बाह्या छातीशी धरल्या होत्या. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. तुम्ही म्हणालात, "खलास. यू गो होम." एवढंच. आवाज चढवला नाहीत. लंडनचा साहेब जाताना तुमचा हात हातात घेऊन काहीतरी गोड बोलला. त्याचं पत्र कधी आलं नाही, ते येणार नव्हतं हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

घरी येताना गाडीत मी नवऱ्याला सांगितलं. तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "गप ऱ्हव. साहेबान व्हिसा कॅन्सल केल्यान, तर खंय जातलंव? चेडू आपल्या घराक जाता. आपला घर खंय असा?" त्याला दोष देत नाही. माझ्या मनातलंच तो बोलला. गावाला सासऱ्यांचं छप्पर आणि सहा माणसं आमच्याकडे बघत होती. पण मॅडम, हेही खरं आहे की तुम्ही आम्हाला काढलं नसतंत. चार दिवस बोलला नसतात, ओरडला असतात, मनगटावर गाठ घासली असतीत. काढलं नसतंत. तेव्हा हे मला कळत होतं की नव्हतं, याचं उत्तर मी स्वतःला दिलेलं नाही.

तिला विमानतळावर सोडायला मी गेले. डब्यात भात आणि तिखलं घेतलं होतं. मुहर्रकचा पूल ओलांडेपर्यंत ती डबा मांडीवर घेऊन बसली, उघडला नाही. गुडघ्याला पट्टी. मी तिचा हात धरून म्हणाले, "मैं बोलती मॅडम को. आज बोलती." ती म्हणाली, "नो, ताई. मॅडम नीड यू. स्यूइंग." आणि स्वतःकडे बोट करून, "डान्सर, मेनी." आत जाताना दरवाजात वळली आणि डावा हात झटकला, नुसता, मनगटापासून, बाही नसलेला. मला ती बाही दिसली हो. माझ्या पायाशी येऊन पडली. परत येऊन मी तुमच्यासाठी चहा केला. तुम्ही खिडकीपाशी बसला होता. मी कप ठेवला, उभी राहिले, तोंड उघडलं, आणि विचारलं, "शुगर?" तुम्ही साखर कधीच घेत नव्हतात.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण लिहिते. पुढच्या थंडीत पाचच मुली आल्या, पुढच्याला चार. क्लबाऐवजी हॉटेलात खेळ. लोक जेवतात, काटे-चमचे वाजतात, तुमच्या मुली मध्ये नाचतात. होडीचा नाच तुम्ही पुन्हा केला नाहीत. आणि शेवटच्या वर्षी ड्रॅगन आला. मीच शिवला, लाल सॅटिनचा, आणि शेपटीत माणूस कमी पडला म्हणून माझ्या नवऱ्याला आत घातलंत. मालवणचा ड्रायव्हर चिनी ड्रॅगनच्या शेपटीत! तो घामाघूम होऊन बाहेर आला तेव्हा मी पोट धरून हसले. जाड्या बाईने टाळ्या वाजवल्या. मी तुमच्याकडे वळून बघितलं, तुम्हीही हसाल म्हणून. तुम्ही ड्रॅगनचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या दाढीतला गुंता सोडवत होता, एकेक केस, जसं काही तेवढंच काम जगात उरलं आहे.

सौदीचा पूल सुरू झाला त्याच्या पुढच्या वर्षी साहेबांची कंपनी गेली आणि तुम्हीही. निघताना तुम्ही मला बदामी कागदात बांधलेलं पुडकं दिलंत. "यू कीप." बोटांनी दाबून मला कळलं आत काय आहे. मी पाया पडायला वाकले, तुम्ही मला अर्ध्यातच धरलंत, आणि माझं मनगट उलटं करून आतल्या बाजूला अंगठा फिरवलात. मला वाटलं, जुनी आठवण. दोन वर्षांनी साहेबांचं कार्ड आलं. नवऱ्याने त्याच्या नव्या कंपनीतल्या कारकुनाकडून वाचून आणलं. तुम्ही पोटाच्या आजाराने गेलात, इंग्लंडमध्ये, डिसेंबरात. मी पहिलं काय विचारलं असेल तर हे, की तिथे त्यांना भात नीट मिळत होता का. नवरा म्हणाला, कार्डात तसं काही नाही.

पुडकं मी उघडलं नव्हतं. तीन घरं बदलली, प्रत्येक घरात ट्रंकेच्या तळाशी, वर डांबराच्या गोळ्या. मला वाटायचं, सुटलेली डावी आणि न सुटलेली उजवी, अशा दोन्ही माझ्याकडे बघत असतील. गुरुवारी नात मागे लागली, शुक्रवारी सगळे बाहेर गेल्यावर मी पलंगावर बसून सुतळी सोडली. रेशीम पिवळं पडलं आहे, पण जीव आहे त्यात. उजवी बाही वर होती. माझी दुमड, माझे टाके, शेवटी आईची गाठ. मग डावी उलगडली.

मॅडम, डावीलाही दुमड होती. आत बरोबर तेवढंच कापड दुमडून धावदोरा घातलेला. पण टाके माझे नव्हते. एवढे बारीक की मला चष्मा लावून बाही खिडकीत न्यावी लागली. आणि शेवटी गाठ नाही. एकाच जागी तीन टाके.

तेव्हापासून मी एवढाच विचार करते आहे, की कधी? उजव्या बाहीची ती गाठ तुम्ही कधी बघितलीत? निघताना सामान बांधताना, की त्याच आठवड्यात, थोरली अजून विमानात असताना? अख्ख्या बंगल्यात गाठ मारणारी बाई एकच होती. तुम्हाला कळलं होतं तर तुम्ही तिला परत का नाही बोलावलंत? मला का नाही विचारलंत? मी साखर विचारायला उभी होते तेव्हा तुम्ही कशाची वाट बघत होता? मला माफ केलंत म्हणून ती बाही दुमडलीत असं मानून मी झोपू शकले असते. पण तुमचे टाके बघून मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तुम्हीही बोलला नाहीत, आणि मग एक दिवस बसून ती माझ्या बाहीशी जोडीला लावलीत, आपण दोघी सारख्याच म्हणून.

नात आली तेव्हा मी पुडकं परत बांधलं होतं. सांगितलं, कसर लागली गं, सगळं खाल्लंय. तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिला घेऊन बाजारात गेले, पांढरं नायलॉन आणलं, आणि पहिल्यांदा काही न दुमडता सरळ कात्री चालवली. शिवून झाल्यावर तिने ओट्यापाशी उभं राहून बाही फेकली, ती फ्रिजवरच्या केळ्यांवर जाऊन पडली, आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो की शेजारीण बघायला आली. ती म्हणाली, "आज्जी, हाऊ डू यू नो हाऊ टू मेक धिस?" म्हटलं, एका बाईने शिकवलं. कोण बाई, तिने विचारलं. मी तुमचं सांगितलं, भाताचं, गाठीचं, ड्रॅगनच्या शेपटीतल्या आजोबांचं. थोरलीपाशी आले आणि थांबले. ती म्हणाली, मग ती नाचणारी मुलगी कोण होती, तिचं नाव काय?

खरं तर हे पत्र तिलाच लिहायला हवं, हे मला पहिल्या पानापासून माहीत आहे. जिवंत असेल तर साठीची असेल. गुडघा दुखत असेल. पुढे नाचली की नाही, देव जाणे. तुम्हाला लिहिते आहे कारण तुम्ही उत्तर देणार नाही. आणि दुसरं असं की तुम्ही तिला हाक मारायचात ते नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. मी थोरली म्हणायचे, ती ओ द्यायची, मला तेवढं पुरत होतं. तिने माझं नाव पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, दोनदा म्हणून बघितलं होतं. मी तिचं कधी विचारलंच नाही.